सुनंदाची शंभर माणसं

"समजा, उद्या तुम्ही नसलात, तर?"

हा प्रश्न आमच्या सुनंदा घाडीने एका बारशात, पाळण्याची दोरी ओढता ओढता, बाळाच्या बापाला विचारला. हातात घुगऱ्यांची वाटी, तोंडभर हसू. बिचाऱ्याला ठसका लागला. बाळाची आजी तर अशी भडकली! "अगं भवाने, नातवाचं बारसं आहे माझ्या!" सुनंदा शांत. "म्हणून तर विचारते, काकी. आता जबाबदारी वाढली ना."

सुनंदाला वेडबिड लागलं नव्हतं. ती नोकरीला लागली होती.

मनवेलपाड्यातल्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत ती पहिल्या मजल्यावर, मी चौथ्या. दोघी एकाच वर्षी राहायला आलो. टँकर आला की एकमेकींचे हंडे राखायचो, तेव्हापासूनची मैत्री. अठरा वर्षं तिने घर सांभाळलं, तन्वीला वाढवलं. मग नवऱ्याचा वसईतला कारखाना बंद पडला आणि तो माणूस गॅलरीत खुर्ची टाकून बसला तो बसलाच. तन्वीची बारावी, पुढे नर्सिंगला जायचं तिला. तेव्हा सेहेचाळिसाव्या वर्षी ही बाई आयुर्विमा विकण्याच्या परीक्षेला बसली.

परीक्षेचे दिवस काय सांगू! ओट्याच्या टाइल्सवर व्याख्यांच्या चिठ्ठ्या. ही पोळ्या लाटतेय आणि तन्वी समोर पुस्तक घेऊन प्रश्न विचारतेय. उत्तर चुकलं की, "आई, लक्ष कुठंय तुझं?" हुबेहूब सुनंदाचाच आवाज. दुसऱ्या खेपेला पास झाली. पेढे वाटले, आणि प्रत्येकाला बजावलं, "खा, पण साखर ही जोखीम आहे हं."

कंपनीतले साहेब सव्वीस वर्षांचे. ती त्यांना 'सर' म्हणायची आणि "सर, डबा खाल्लात का?" म्हणून दरडावायचीही. सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. तीन महिन्यांत दहा जणांचे फॉर्म आणा, तरच पगारावर घेऊ. आणि त्यासाठी आधी ओळखीच्या शंभर माणसांची यादी करा.

शंभर! करून बघा कधी. मी करून पाहिली, एकतिसावर अडकले, आणि त्यातले चार वारलेले निघाले. सुनंदाने तन्वीच्या जुन्या वहीत शंभर भरले. सांडोरहून केळफुलं आणि वांगी घेऊन येणारी मावशी, गिरणीवाला, दातांचा डॉक्टर, एका लग्नात ओझरती भेटलेली नवऱ्याची मामेबहीण. सगळ्यांना तोच प्रश्न. मावशी म्हणाली, "मी नसले तर ही वांगी कोण विकणार, ते सांग आधी." सुनंदाने तेसुद्धा वहीत लिहून घेतलं.

लोक टाळायला लागले. जिन्यात तिच्या चपला वाजल्या की दारं लागायची. गिरणीवाल्याने तर तिचं दळण घरपोच पाठवायला सुरुवात केली, ते पण फुकट.

मला मात्र तिने तो प्रश्न कधी विचारला नाही. पण मी काय कच्ची आहे? म्हटलं, ही मला शेवटी गाठणार. बँकेत माझी ठेव आहे हे तिला ठाऊक, ठेवायला गेले तेव्हा तीच सोबत होती. मैत्रिणीला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं तर आमचे हे घर डोक्यावर घेणार. म्हणून संध्याकाळी सहाला बेल वाजली की मी टीव्ही बंद करायची, आणि आम्ही दोघं सोफ्यावर चोरासारखे गप्प बसून राहायचो. एकदा ऐन वेळी कुकरने शिट्टी दिली. ह्यांनी हसू दाबायला तोंडात उशीचा कोपरा कोंबला. बाहेर थोडा वेळ काहीच हाललं नाही. मग चपला खाली उतरत गेल्या.

लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू? पण दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. असे दोन महिने काढले.

मुदत संपली. तन्वी जिन्यात भेटली. "नऊ झाले, काकू. एक राहिला," म्हणाली आणि भराभर खाली गेली.

मला घास जाईना. रविवारी सकाळी ठेवीची पावती पर्समध्ये घातली आणि खाली गेले. म्हटलं, सरांच्या पाया पडू, पण दहावा फॉर्म माझा. सुनंदाचं दार सताड उघडं होतं. ती जमिनीवर बसून रद्दीचे गठ्ठे बांधत होती.

"सरांनी दुसरी मुलगी घेतली गं," ती म्हणाली. "मी उद्यापासून पॅकिंगच्या कामाला. सकाळी आठ ते रात्री आठ."

"आणि तन्वीचं नर्सिंग?"

"नको म्हणाली. मी नाही हं, तीच म्हणाली, आई, राहू दे." सुनंदाने रद्दीचा पुढचा गठ्ठा ओढला.

गठ्ठ्यावर ती वही होती. मी उघडली. मला वाटलं होतं, रकमा असतील. नावांपुढे लिहिलं होतं, 'गुडघे दुखतात, खाली बोलावू नये.' 'मुलगा बोलत नाही, मुलाचा विषय नको.' 'आधी ऐकून घेणे, फॉर्म नंतर.' मी माझं नाव शेवटून शोधत गेले. सापडेना. ते पहिल्या पानावर होतं, पहिलंच. पुढे लिहिलं होतं, 'हिला विचारायचं नाही. हिच्याकडे नुसतं बसायचं.'

"अगं, मग बोलायचंस ना मला!" मी ओरडलेच. "एका सहीचं काम होतं! मी केली असती!"

"दिवसभर समजा-समजा करून जीव विटायचा गं," ती म्हणाली. "तुझ्याकडे यायचे ते पाच मिनिटं टेकायला." तिने वही माझ्या हातातून घेतली, गठ्ठ्यात सारली आणि सुतळीला गाठ मारली. "पण तू कामात असायचीस. कुकर वाजायचा ना."