विज्ञानाच्या तासाची मटकी मुदपाकखान्यात गेली त्याची बखर

श्री. विघ्नहर्त्यास नमन, शारदेस नमन, आणि ज्याच्या काचेखाली मुंगीचेही गुडघे दिसतात त्या भिंगास नमन करोन लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, फाल्गुन मासी एका राज्यात सामान्य विज्ञानाचे कामी मोठा प्रसंग गुदरला, त्याची हकिकत वडिलांनी पुसली, सबब साद्यंत निवेदन केली असे. राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही, आणि सांगितले तरी वडील म्हणतील की हे तर आमचेच.

पूर्वी त्या राज्याचा शिरस्ता ऐसा होता की, पंतोजींनी काय शिकविले ते पुसावे आणि मुलांस काय आले ते पुसू नये, आणि येणेकरोन उभयपक्षी सुख होते. मग हुजुरांचे मनी काय आले कोण जाणे, राजधानीहून खलिता सुटला की, आता पंतोजींचे शिकविणे पुरे, मुलांस काय करिता येते ते दाखवावे, आणि त्या दाखविण्यास अध्ययन निष्पत्ती ऐसे भारदस्त नाव दिले. सातव्या इयत्तेच्या मुलांनी भोवतालच्या वस्तू निरखाव्या, आणि त्यांचे वर्ग करावे, आणि प्रश्न उपजवावे, आणि प्रयोग करोन उत्तर शोधावे, आणि आढळले तेवढेच खरेपणे सांगावे, ऐसा मजकूर. खाली तंबीही होती की, ज्या शाळेत निष्पत्ती दिसणार नाही तेथील विज्ञानाचा तास मोडून पाठांतरास द्यावा, आणि विज्ञानाच्या खोलीत लेझीम व ढोल ठेवावे. खलिता वाचून गडोगडीच्या शाळांची पाचावर धारण बसली. मग मसलती जाहल्या, आणि सर्वानुमते तोड निघाली की, निष्पत्तीच मुलांकडोन पाठ करवोन घ्याव्या. मग राज्यात सकाळ संध्याकाळ एकच घोष उठला की, विद्यार्थी निरीक्षण करतो, विद्यार्थी वर्गीकरण करतो, विद्यार्थी चिकित्सक होतो. मुले हाताची घडी घालोन डोळे मिटोन हे म्हणत, आणि तपासणीस येणारे दिवाण भगवंतराव ऐकोन मान डोलावीत, शाल श्रीफळ घेत आणि पुढच्या गडास जात.

एक अंताजीपंत तेवढे या मसलतीत सामील न जाहले. हे वेशीजवळच्या शाळेत विज्ञान सांगत. अंगाने किरकोळ, सदऱ्याच्या खिशात सदा लोहचुंबक आणि त्यास चिकटलेल्या टाचण्या, आणि विज्ञानाचा तास म्हणजे त्यांचा जीव की प्राण. शाळेचे किल्लेदार हैबतराव, म्हणजे मुख्याध्यापक, त्यांनी परोपरीने समजाविले की, "पंत, हट्ट सोडा. चार ओळी पाठ करवोन घ्या आणि मोकळे व्हा. तास गेला तर मागाहून माझ्या नावाने बोटे मोडू नका." पंत म्हणाले, "किल्लेदार, डोळे मिटोन निरीक्षण करतो म्हणायचे, हे माझ्याच्याने मुलांस सांगवत नाही." मग त्यांनी मुलांस पुसले की, बी रुजावयास काय लागते. मुले आपसात भांडली आणि भांडणातोन प्रयोग निघाला. मटकीचे तीन वाटे केले. एक वाटा कोरडाच वाडग्यात ठेविला, दुसरा वाडग्यात पाणी भरोन तळाशी बुडविला, आणि तिसरा भिजवोन ओल्या फडक्यात बांधोन खिडकीस टांगिला. मुले रोज येवोन पाहत. गिरजा म्हणोन एक पोरगी होती, ती तर फडक्यास नाक लावोन वासही घेई. फडक्यातल्या मटकीस मोड आले तेव्हा वर्गात ऐसा आनंद जाहला की शेजारच्या वर्गाचे पाठांतर चुकले. पंतांचे चित्त निर्धास्त जाहले. दिवाण आले की मुले हे वाटे दाखवितील, दुसरा दाखला कशास पाहिजे.

दिवाणांची स्वारी आली. सनई जाहली, औक्षण जाहले, आणि इतर वर्गांची पाठांतरे ऐकता ऐकता दिवाणांस दोनदा जांभई आली. मग पंत पुढे होवोन वाटे आणावयास खोलीत गेले, तो तेथे वाडगे घासोन लख्ख पालथे घातलेले, आणि खिडकीस फडके नाही. पंत धावत मुदपाकखान्यात, म्हणजे जेथे पोरांची खिचडी शिजते तेथे गेले, तो ठकूबाई चुलीपुढे पातेले ढवळीत होत्या आणि फोडणीचा घमघमाट सुटला होता.

पंत म्हणाले, "ठकूबाई, माझी मटकी?"

ठकूबाई म्हणाल्या, "हीच की. किल्लेदार म्हणले सायबास्नी उसळ पायजे, आन कोठीतली मटकी भिजवायची राहून ग्येली. म्या हुडकत आले तर तुमच्या खिडकीला ही टांगल्याली. कसले झ्याक मोड आले व्हते, पंत. थोडी कमी पडली म्हून वाडग्यातली बी घातली."

"अहो, तो प्रयोग होता."

"मटकी फडक्यात बांधून टांगली म्हंजी उसळच की. दुसरं काय करत्यात मटकीचं?"

ठकूबाईंचे म्हणणे खोटे नव्हते, कारण त्या राज्यात वाडवडिलांपासोन मटकी फडक्यात बांधली ती उसळीसाठीच. पंत भिंतीस टेकोन उभे राहिले. पाठांतर मुलांस शिकविले नाही, आणि प्रयोग फोडणीस गेला, आणि आता खोलीत ढोल येणार हे त्यांस साक्षात दिसो लागले. फार वाईट वाटले.

मग पंगत बसली. दिवाण पाटावर, आणि समोर सातवीची मुले रांगेने, आणि किल्लेदार जातीने आग्रह करीत. दिवाणांनी उसळीचा घास घेतला आणि म्हणाले, "वा, चव उत्तम." दुसरा घास घेतला तो दाढेखाली कटकन आवाज जाहला. दिवाणांनी गाल धरिला आणि तळपायाची आग मस्तकास गेली. म्हणाले, "ही उसळ की बंदुकीचे छर्रे? कोणाची ही मटकी?"

किल्लेदार पातेल्याआड सरकले. अंताजीपंत पुढे आले आणि म्हणाले, "सरकार, माझी. माझ्या वर्गाची निष्पत्ती होती ती."

"होती म्हणजे? आता कोठे आहे?"

"थोडी आपल्या पोटात आहे, सरकार. बाकीची ताटात."

दिवाण म्हणाले, "थट्टा करिता? दाखला नाही तर तास मोडला," आणि ताट बाजूस सारो लागले. तेव्हा गिरजा रांगेतोन उठली आणि म्हणाली, "सरकार, ताट टाकू नका. आमचं सगळं त्यातच हाय. एक वाटा कोरडा व्हता, एक पाण्यात बुडिवल्याला, आन एक वल्या फडक्यात बांधल्याला."

दिवाणांचा हात थांबला. पोरगी जवळ येवोन बसली आणि म्हणाली, "उसळ बोटानं निवडा. मोडाची एकीकडं, टणक एकीकडं, आन फुगलेली पण बिनमोडाची एकीकडं." आता राज्याचा दिवाण, हाती सोन्याचे कडे, परंतु कोण जाणे कैसा मोह पडला, बोटाने दाणे निवडो लागला. ते पाहोन सारी पंगत आपापल्या ताटात निवडो लागली, आणि किल्लेदारही उभ्यानेच वाटीत बोट घालते जाहले. तीन ढीग जाहले. मग दिवाणांनी टणक दाणा उचलोन पुसले, "हा ऐसा का?"

"त्याला पाणीच मिळालं नव्हतं. कोरड्या वाडग्यातला त्यो. म्हून शिजला बी न्हाई."

"आणि हा मोडाचा?"

"ह्यो फडक्यातला. पाणी बी मिळालं, वारा बी मिळाला."

"आणि हा फुगलेला, तो बुडविलेल्या वाडग्यातला म्हणावयाचा?"

"आसंल."

"असेल म्हणजे काय? फडक्यातलाच एखादा आळशी, मोड न आलेला नसेल कशावरून?"

किल्लेदार मागोन खुणा करो लागले की, बुडविलेल्याच वाडग्यातला म्हण, पोरी, आणि सुटका कर. गिरजेने दाणा घेतला, उलटा पालटा करोन पाहिला, उजेडाकडे धरिला, आणि म्हणाली, "त्ये सांगता येत न्हाई, सरकार. ठकूमावशीनं सगळं एकात घातलं. परत करून बघाया लागंल."

दिवाणांनी राज्यातल्या साऱ्या शाळा पालथ्या घातल्या, सर्वत्र मुलांस सर्व काही येत होते, आणि सांगता येत नाही ऐसे म्हणणारे पोर त्यांस प्रथमच भेटले. मग त्यांनी कारकुनास जवळ बोलावोन तेथेच हुकूम सांगितला की, येथील प्रयोग पुरा व्हावयाचा आहे, सबब विज्ञानाचा तास चालू ठेवणे, आणि मटकी सरकारी कोठीतोन देणे. अंताजीपंत लोहचुंबकावरच्या टाचण्या नीट करण्याच्या मिषाने तोंड फिरवोन उभे राहिले. दिवाणांनी मोडाच्या मटकीचा ढीग तेवढा वेचोन खाल्ला, आणि टणक दाणे उपरण्याच्या टोकास बांधोन घेवोन गेले.

पुढे ही वार्ता राज्यात पसरली, आणि पुढल्या साली जिकडे तिकडे ऐसे जाहले की, दिवाण येता पंगतीस मुद्दाम कच्ची उसळ वाढावी, आणि पोरांनी हाताची घडी घालोन एका सुरात म्हणावे, सांगता येत नाही, सरकार, परत करून बघावे लागेल. दिवाणांच्या दोन दाढा त्या साली गेल्या.

सारांश, खलिता राजधानीत निघाला, मसलती गडोगडी जाहल्या, परंतु निष्पत्ती दिसली ती ताटात. वेशीजवळच्या शाळेत खिडकीस आजही फडके टांगलेले असते, आणि ठकूबाई चूल पेटविण्याआधी दारात उभ्या राहोन रोज पुसतात, "पंत, ही शिकायची हाय का खायाची?" बुडविलेल्या मटकीचे पुढे काय ठरले ते या लेखकास ठाऊक नाही, सबब लिहिले नाही. पाहिले तेवढे लिहिले.