हरालांपीच्या घरी पाहुणे

१९७४ साली आमच्या गावच्या जॅमच्या कारखान्यात हरालांपी नावाचा एक कामगार रात्रपाळीला बॉयलरवर होता. माणसात खोट एकच होती, की तो नव्हता.

बॉयलरचा मुकादम नायदेन याने त्याला हजेरीपटावर जन्माला घातलं होतं. पगार वाटणारी रायना दर महिन्याला त्याच्या नावापुढे डाव्या हाताने सही करी आणि तिसरा हिस्सा घेई. तिला लेकीच्या लग्नासाठी पैसा जमवायचा होता. पण सरकारी पैशाला हात लावणाऱ्याची तेव्हा गय नव्हती. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा रोखपाल नुकताच आत गेला होता, आणि तेव्हापासून दारावर थाप पडली की रायना आधी खिडकीतून बघे.

नाव निवडताना तिने फार डोकं चालवलं. इव्हान, गिओर्गी पैशाला पासरी. एखादा खरा इव्हान चुकून त्या पगाराला हात लावायचा. म्हणून कुणाचंच नसलेलं नाव घेतलं, आणि तिथेच फसली. आमच्याकडे संताच्या दिवशी त्याच्या नावाच्या माणसाने सगळ्यांना खिलवायचं असतं. तीस इव्हानांच्या सणात एकतिसावा सहज खपून गेला असता. पण संत हरालांपीच्या दिवशी, ऐन फेब्रुवारीच्या मरगळीत, अख्ख्या कारखान्याचं तोंड गोड करायला एकटा तोच निघाला.

सकाळपासून बायका विचारू लागल्या, मेजवानी कुठे? बिचारा लाजाळू आहे, रात्रीचा येतो, असं सांगून रायनाने घरी मधाचा केक भाजला आणि त्याने पाठवला म्हणून वाटला. केक उत्तम झाला होता. तेच वाईट झालं.

वर्षभरात हरालांपीची कीर्ती पसरली. कधी तक्रार नाही, कधी रजा नाही. संचालक दाम्यानोव यांनी स्वतःच्या सहीने त्याला आदर्श कामगार ठरवलं. बरण्या धुणाऱ्या विधवा स्तोयनाने तर मिन्को ड्रायव्हरला नकार कळवला. म्हणाली, "तू फार बोलतोस. मला न बोलणारा एक माहीत आहे."

पुढच्या फेब्रुवारीत संचालक म्हणाले, चला, त्याच्या घरीच जाऊ. आमच्याकडे त्या दिवशी आमंत्रणाची वाट कुणी बघत नाही. कागदावर पत्ता होता नायदेनच्या सासूचा, गेरगिना आजीचा. राकिया दारूच्या बाटल्या घेऊन वीस माणसं निघाली. वाटेत पोलीस कप्तानही सामील झाला. स्तोयनाने नवा झगा घातला होता.

गेरगिना आजीला काही कळेना, पण आल्या पाहुण्याला उभं ठेवणं तिला माहीत नव्हतं. तिने कोबीचं लोणचं काढलं, सॉसेज तळली. सगळे खात यजमानाची वाट बघू लागले. नायदेन म्हणाला, तो दवाखान्यात आहे. झालं, निम्मी मंडळी कोट घालून दवाखान्यात निघाली. नायदेन दारात आडवा उभा राहिला.

"जाऊ नका," तो म्हणाला. "गेला तो. पहाटेच गेला."

कप्तानाने टोपी काढली. संचालकांनी शवपेटी कारखान्याच्या खर्चाने जाहीर केली आणि प्रेत कुठे आहे ते विचारलं. स्तोयना डोळ्यांना पदर लावावा तसा नव्या झग्याचा घोळ डोळ्यांशी धरून हुंदके देऊ लागली. ते मात्र रायनाला बघवेना.

"रडू नकोस गं बाई. तो मेला नाही. तो नव्हताच."

"मग केक?"

"मी भाजला होता."

कप्तानाने टोपी पुन्हा घातली.

नायदेनला चार वर्षांची शिक्षा झाली, रायनाला दोन. शिवाय खाल्लेला सगळा पगार भरायचा. नायदेन सुटल्यावर सासूने त्याला घरात घेतलं, पण वीस माणसांचं जेवण ती त्याला मरेपर्यंत ऐकवत राहिली. दाम्यानोवांची बदली विटांच्या कारखान्यात झाली. रायनाच्या लेकीचं लग्न आईवाचून लागलं, आणि ते दुःख रायनाला तुरुंगापेक्षा जड गेलं.

तिला पहिल्यांदा भेटायला तुरुंगात आली ती स्तोयना. आता ही शिव्या देणार, म्हणून रायना खाली मान घालून बसली.

"खरं सांग," स्तोयना हळूच म्हणाली, "सही करताना तुला तो कसा दिसायचा?"

रायनाने जरा विचार केला. "उंच. थोडा वाकलेला. हात गरम."

"मलाही तसाच दिसायचा," स्तोयना म्हणाली.

शरदात तिने मिन्कोशी लग्न केलं. तो शेवटपर्यंत बडबड्याच राहिला, पण हजेरी मात्र रोज लावायचा.