कलम सहा आणि जुरोंगचं गेट

तोआ पायोहच्या स्टॉपवर कंपनीची बस आली की आम्ही सगळे झोपेचं सोंग घ्यायचो. कारण नाडकर्णीकाका चढायचे आणि ज्याचे डोळे उघडे दिसतील त्याला अमेरिकेची राज्यघटना ऐकवायचे.

काका जुरोंग आयलंडवरच्या आमच्या प्लांटमधले सेफ्टीवाले. तीस वर्षांत एक काडेपेटी त्यांच्या नजरेतून सुटली नसेल. त्यांना अमेरिकेतल्या एका राज्याने छळलं होतं. केंद्राचे बंदुकीचे कायदे आमच्या हद्दीत चालणार नाहीत, असा कायदाच तिथल्या विधानसभेने आणला होता.

"हेड ऑफिसचा सेफ्टी रूल उद्या आपल्या बॉयलर सेक्शनने ठराव करून रद्द केला तर?" काका मला विचारायचे. माझं सोंग नेहमीच उघडं पडायचं. "कलम सहा वाच. केंद्राचा कायदा वरचा. कोर्टात एक दिवस टिकणार नाही."

त्यांनी तिथल्या आमदारांना पत्रंसुद्धा लिहिली होती. मागच्या सीटवरचा बंगाली मित्र इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणायचा, "अंकल, यू गॉट नो व्होट देअर, ला." काका म्हणायचे, "सेफ्टीला मत लागत नाही."

सोमवारी मात्र काका घटनेचं नावही काढत नसत. पापलेट कुठे ताजं मिळतं, यावर मजेत बोलायचे. इतर दिवशी गेट जवळ आलं की अर्ध्या वाक्यात थांबायचे आणि मोबाइलकडे बघत बसायचे. गेटवर मोबाइल जमा करून टोकन घ्यावं लागे, संध्याकाळपर्यंत तो मिळत नसे. आम्हाला वाटायचं, म्हातारा विक्षिप्त आहे.

एका गुरुवारी काका गेटवर उतरले आणि रांगेत उभेच राहिले नाहीत. बाजूला कठड्याशी थांबले, हातात फोन. मी म्हटलं, "काका, उशीर होतोय."

"तू जा. माझी हजेरी पूर्ण झाली नाही."

मग त्यांनी सांगितलं. मुलगी त्याच बंदूकवाल्या राज्यात शाळेत शिकवते. काकू गेल्यापासून बापलेकीत बोलणं असं उरलंच नव्हतं. परत ये म्हणून काकांनी फार धोशा लावला, ती चिडली. शेवटी एवढंच ठरलं, की शाळेतून घरी पोचली की एक शब्द पाठवायचा. तिची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. आपल्या सोमवारी तिकडे रविवार, शाळा बंद.

मला माझ्या सगळ्या खोट्या झोपांची लाज वाटली. मीही थांबलो. पहिल्यांदाच उशीर झालेल्या सेफ्टीवाल्याकडे गार्ड चमकून बघत होता.

पाऊण तासाने फोन वाजला. काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि मला दाखवलं. 'पोचले.' उशीर का झाला, ते नव्हतं. काकांनी विचारलंही नाही. रुमालाने फोन पुसून खिडकीत दिला, टोकन घेतलं. 

 आत चालताना मीच म्हटलं, "काका, ते कलम सहा काय म्हणतं, नीट सांगा ना."

"केंद्राचा कायदा वरचा," ते म्हणाले. थोडं चालून म्हणाले, "कागदावर तरी तसंच आहे रे."