गुप्तेकाकांची हरकत

आमच्या वरच्या मजल्यावरचे गुप्तेकाका 'हरकत नाही' असं कधी म्हणत नाहीत. 'काका, चहा टाकू?' असं विचारलं तरी उत्तर येतं, 'हरकत आहे. आत्ताच झालाय.' लिफ्टमधल्या आरशाला हरकत, वॉचमनच्या शिट्टीला हरकत, सत्यनारायणाच्या शिऱ्यातल्या वेलचीला हरकत. त्यांच्यामुळे सोसायटीच्या इतिवृत्तात 'सर्वानुमते' हा शब्द टिकेना, तेव्हा सेक्रेटरी 'गुप्ते वगळता सर्वानुमते' असं लिहायला लागले. काकांनी त्या शब्दयोजनेलाही हरकत घेतली.

जन्मभर त्यांची नोकरीच ती. कोलशेतच्या एका कारखान्यात ते माल तपासायला होते आणि तपासणं म्हणजे त्यांच्या लेखी नापास करणं. 'हरकत नाही म्हणणाऱ्यांनीच या शहराचं वाटोळं केलं,' हे त्यांचं लाडकं वाक्य. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात, आणि मी बरोबर खाली राहत असल्यामुळे त्यांच्या हरकती ऐकायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मला वैताग येतो. पण एखाद्या दिवशी वरून काहीच आवाज आला नाही तर मीच वर जाऊन बेल वाजवते.

मग एक दिवस पेपरात नोटीस आली. आमच्या मागे खाडीपर्यंत मोकळी जमीन आहे. ती हरित पट्ट्यातून वगळून तिथे टॉवर बांधायचा प्रस्ताव होता. कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी, असं सरकार स्वतःहून विचारत होतं. काकांना जणू घरबसल्या आमंत्रण आलं. ते दारोदार हिंडले. पण मागे टॉवर आले की आपलेही भाव वाढतील असं बहुतेकांनी मनात धरलं होतं. सुनावणीला शेवटी काका गेले आणि त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून मी.

हॉलमध्ये बिल्डरची माणसं पुढच्या रांगा अडवून बसलेली. कोणी आवाज चढवत नव्हतं, नुसतं वळून वळून आमच्याकडे बघत होते. मी पंखा लावायला उठले तेवढ्यात त्यातला एक आला, काकांच्या शेजारी माझ्या खुर्चीत बसला आणि हसून म्हणाला, 'काका, तुम्ही एकटेच राहता ना वर?' प्रश्न साधाच होता, पण हे त्याला कोणी सांगितलं होतं? काका माझ्याकडे बोट करून म्हणाले, 'या खुर्चीला हरकत आहे. इथे या बसल्यात.' तो उठला, पण हसू तसंच होतं.

काकांचं नाव पुकारलं, तेवढ्यात खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी काठी टेकत उभी राहिली. 'साहेब, मना आधी बोलू द्या. मना जास्त येल बसवत नाय.' साहेबांनी काकांकडे पाहिलं. आणि आमचे गुप्तेकाका उठून अदबीने म्हणाले, 'हरकत नाही.' माझा कानांवर विश्वासच बसेना.

म्हातारी थोडंच बोलली. 'भरतीचा पानी त्या जागेन रातं, म्हनून आमचे घरान येत नाय. भराव टाकलाव त आमी कुटं जावाचा?' मग काका बोलले. तेच, पण नकाशे दाखवत आणि बराच वेळ.

शेवटी कारकुनाने काकांच्या म्हणण्याची नोंद केलेला कागद सहीसाठी पुढे केला. मी काकांच्या खांद्यावरून वाचलं. 'गुप्ते : हरकत नाही.' नाव पुकारल्यावर जे पहिलं कानावर पडलं ते त्याने टाइप केलं होतं आणि पुढे बहुतेक तो चहा पीत होता.

आता काका आकाशपाताळ एक करणार म्हणून मी जरा मागे सरले. काका मात्र उघडलेलं पेन हातात धरून कागदाकडे बघत राहिले. 'सही करा आजोबा, पुढचे खोळंबलेत,' कारकून म्हणाला. पुढच्या रांगेतले दोघे उठून आमच्या मागे येऊन उभे राहिले.

'काका, वाचलंत ना?'

'वाचलं.' मग वर न बघता म्हणाले, 'तिथे टॉवर झाला तर निखिल फ्लॅट घेणार आहे गं. बंगळूर सोडून येतो म्हणालाय. माझ्या गॅलरीतून त्याची गॅलरी दिसेल.'

निखिल म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इतके दिवस हा माणूस स्वतःच्याच विरुद्ध दारोदार हिंडत होता. सही करा असं मला म्हणवेना आणि करू नका असंही म्हणवेना.

दाराबाहेर म्हातारी कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि कागद परत सरकवला.

'दुरुस्त करा. हरकत आहे, असं लिहा. आणि नवी प्रत काढा, खाडाखोड चालणार नाही.'

नवी प्रत येईपर्यंत ते दोघे आमच्या मागून हलले नाहीत. काकांनी ती दोनदा वाचली आणि सही केली.

परत येताना रिक्षात त्यांनी निखिलला फोन लावला. 'तू तिकडेच घर बघ रे,' म्हणाले. 'हो. मीच घेतली हरकत.' मग ते नुसते ऐकत होते. निखिलचा चढलेला आवाज मलाही ऐकू येत होता, पण काकांनी त्याला मध्ये एकदाही तोडलं नाही.

'बरं,' शेवटी ते म्हणाले, 'जेवलास का?'

फोन तोवर पलीकडून बंद झाला होता. मला ते लगेच कळलं. काकांना कळायला जरा वेळ लागला.