भांडगावच्या तळ्यावरील लसमोहीम

श्रीबिरोबाचे पायी मस्तक ठेवून, घडले तितुकेच, किंचित वाढवोन, लिहितों. शके १९२४, चित्रभानूनाम संवत्सरी, प्रांत दौंड, मौजे भांडगाव येथे राजमान्य राजश्री कोंडिबा मेंढरे विकोन शेततळ्याचे धनी जाहले, आणि तळ्यात दोनशे रोहू पाळिले. परंतु गनीम बाका. डोळ्यांस न दिसणारा जिवाणू तो; शिरला की माशांचे अंगी तांबडे व्रण पडोन फौज उताणी तरंगे. पहिल्याच साली अवघे तळे ऐसेचि बुडाले, आणि कोंडिबा दोन दिवस जेवले नाहीत; मग नव्याने दोनशे सोडिले.

हे वर्तमान पुण्यास पोहोचले, मग वेदशास्त्राहून कठीण अशा लसविद्येत निष्णात अनिताबाई डॉक्टर एसटीने यवतेस उतरोन, बर्फाच्या डब्यात नव्या लशीची कुपी घेऊन दाखल जाहल्या. दोन वर्षांची मेहनत पणास लागलेली. त्यांनी हुकूम फर्माविला की, सारे मासे टाकीत काढोन, शंभर टोचोन खुणेस पर किंचित कातरावे, शंभर न टोचता सोडावे. मग रोग आलियावर न टोचलेले मरतील, टोचलेले वाचतील, आणि लस खरी ठरेल.

कोंडिबांची हयात मेंढरांस सुया देण्यात गेलेली, त्यांनी हां हां म्हणता शंभर उरकिले. मग बाई यवतेस जेवावयास गेल्या. कुपीत लस निम्मी शिल्लक, आणि टाकीत शंभर जीव तोंडे उघडमीट करीत. सबब कोंडिबांनी कबिला साखरबाईंस पाचारण केले, आणि उभयतांनी उरलेले शंभरही टोचोन तळ्यात सोडिले. बाई परतल्यावर, कुपी हातोन निसटोन फुटली, ऐसे जाहीर केले.

थंडी पडली, आणि शेजारच्या साऱ्या तळ्यांत गनिमाने कत्तल मांडिली. बाई रजिस्टर घेऊन मोजदादीस आल्या. कातरल्या परांचे शंभर हयात, अखंड परांचेही शंभर हयात. बाईंचे तोंड उतरले.

“मामा, न टोचलेला एकही मेला नाही! आता लस खरी ठरवू कशी?”

“बाई, निम्मा कळप टोचून निम्मा वाऱ्यावर कोन सोडतं वो?”

बाई प्रथम कोपल्या, मग खाली बसोन इतुक्या हसल्या की डोळां पाणी आले. पुढील साली निम्मे न टोचता राखावे, ऐसा तह ठरला.

“राखू की. पन मरायचं निम्मं कंचं, त्ये तुमी निवडा. म्या तवा तळ्याकडं फिरकनार न्हाई.”

बाईंसही ते निवडवेना. मग स्वहस्ते रजिस्टरी लिहिले की, मयत शून्य, सबब प्रयोग नापास. भांडगावची फत्ते ती हीच.