इंटरनेटचा गेटपास

कुंभवली नाक्याजवळच्या ‘श्रमसाफल्य’ गृहनिर्माण संस्थेत बारा सदनिका असून बाराही सदनिकांना इंटरनेटची नितांत आवश्यकता आहे, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. मोबाइलची रेंज आमच्या इमारतीपर्यंत येते आणि जिन्यात दम खाते. म्हणून एकच जोडणी घ्यायची, ती संस्थेच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरला लावायची आणि तिथून बारा घरांत वायरी टाकायच्या, असं ठरलं. मी संस्थेचा सचिव, ठरावाचा मसुदा माझाच.

वायरी टाकायला बोईसरहून बबलू आला. काम संपल्यावर त्यानं अध्यक्षांना समजावलं, "अंकल, बारा घर का नेट इसी मशीन से अंदर-बाहर होगा. किसने क्या खोला, सब यहाँ दिखेगा."

अध्यक्ष पुंजाराम आव्हाड यांनी एकतीस वर्षं एका कारखान्याचं गेट सांभाळलेलं. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"म्हणजे सगळी ये-जा एकाच जागेवरून," ते म्हणाले. "आणि तिथं माणूस नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसले. टेबलावर लाल पुठ्ठ्याचं आवक-जावक रजिस्टर आलं. ज्याला नेट हवं त्यानं चिठ्ठी भरायची: सदनिका क्रमांक, काय बघणार, किती वेळ, कारण, कुटुंबप्रमुखाची सही. बाहेर जाणारा फोटो हा ‘माल’ समजला जाई. आमच्या इमारतीतल्या कैलासनं गावी आईला बाळाचे सात फोटो पाठवायला घेतले. पास पाचांचाच होता, म्हणून दोन फोटो तपासणीसाठी राहिले. आजीला नातवाचे हातपाय मिळाले, तोंड सोमवारी गेलं.

आता तुम्हाला वाटेल, लोक चिडले असतील. अजिबात नाही. कॉम्प्युटरवर जे दिसे ते पुंजाराम रजिस्टरात उतरवत, आणि रजिस्टर टेबलावर उघडंच असायचं. त्यामुळे पाणी कधी येणार हे विचारायला खाली आलेला माणूस अर्धा तास वाचत उभा राही. कीर्तनाची चिठ्ठी भरणारा प्रत्यक्षात काय बघतो, पहिल्या पाळीहून दमून आलेला कोणत्या बाईंच्या पाककृती तीनतीनदा बघतो, सगळं घरागणिक वेगळ्या पानावर तारीखवार होतं. संस्थेत एवढं वाचन पूर्वी कधीच झालं नव्हतं. मी तर सचिव, मला वाचणं भागच होतं.

मग रिद्धीची मुलाखत आली. रिद्धी म्हणजे सुगंधाताईंची मुलगी. सुगंधाताई मूळच्या मासवणच्या, इथं कंत्राटावर पॅकिंगला जातात. बारा वर्षं उभं राहून त्यांनी पोरीला रसायनशास्त्राची पदवी मिळवून दिली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं तिला लेखी परीक्षेतून निवडलं होतं. आता तिघं जण व्हिडिओवर मुलाखत घेणार होते. ती पार पडली की घरात पहिली कायम नोकरी येणार होती.

रिद्धीनं आदल्या दिवशीच एका तासाची चिठ्ठी दिली. पुंजारामांनी चष्मा लावला.

"तीन माणसं आत येणार. म्हणजे व्हिजिटर. ओळखपत्रं?"

"काका, ते माझी मुलाखत घेणार आहेत. मी त्यांच्याकडे ओळखपत्र कसं मागू?"

"मी एकदा आमच्या मालकांच्या जावयाला गेटवर थांबवलं होतं," पुंजाराम शांतपणे म्हणाले. "व्हिजिटरला अर्धा तास. नियम सगळ्यांना सारखा."

पोरीनं बिचारीनं मुलाखतीच्या सुरुवातीलाच तिघांना कार्डं दाखवायला सांगितली. ते हसले, पण त्यांनी दाखवली. मुलाखत छान रंगली. अठ्ठाविसाव्या मिनिटाला मधल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही रुजू कधी होऊ शकाल?" रिद्धी त्यांना वसतिगृहाबद्दल विचारत होती, तेवढ्यात तीस मिनिटं भरली. खाली पुंजारामांनी घड्याळ बघून वायर काढली आणि रजिस्टरात लिहिलं, ‘व्हिजिटर तीन, बाहेर.’

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. उमेदवार मुलाखत अर्धवट सोडून गेल्यामुळे विचार करता येत नाही, असं त्यात होतं.

सर्वसाधारण सभा भरली. सुगंधाताई कधी सभेत बोलत नाहीत. त्या दिवशी उभ्या राहिल्या.

"माज्या पोरीला तुमी एक तास दिला नाय. तुमच्या घरात दिवसभर काय चालतं, ते मी बी वाचलंय. हे रजिस्टर आताच्या आता जाळा."

सगळ्यांना मनापासून वाईट वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू. रजिस्टर जाळण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. मात्र जाळण्यापूर्वी इतिवृत्तात नोंद हवी म्हणून ते एकदा मोठ्यानं वाचावं, अशी सूचना आली. सूचना आवडली नाही असं कुणी नव्हतं. फक्त ज्यानं त्यानं उठून आपापलं पान आधी फाडून घेतलं. शेवटी रजिस्टरात रिद्धीचं एक पान उरलं आणि पुढची सगळी कोरी.

"एवढं कोरं रजिस्टर जाळायचं?" पुंजाराम म्हणाले. सभेलाही ते पटेना. ठराव तहकूब झाला. सुगंधाताई खाली मान घालून दुसऱ्या पाळीला निघून गेल्या.

फाडलेली पानं लोकांनी चुरगाळून कार्यालयाच्या कचरापेटीत टाकली. सचिव या नात्यानं मी ती काढली, इस्त्री केली आणि फायलीला लावली. तेव्हापासून ही हकीकत मी पालघरपर्यंत अनेकांना सांगितली आहे. ऐकणारा हळहळतो, पुंजारामांना दोन शब्द सुनावतो, मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवतो आणि विचारतो, "पण त्या पानांत होतं काय?"

रिद्धीचं पुढे काय झालं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. तुम्हीही आत्ता मनात पानांचंच विचारलंत. हरकत नाही, चिठ्ठी भरा. कारणाचा रकाना मात्र रिकामा सोडू नका.