खिळ्यांची भोकं बघणारे ठोंबरेकाका

भिलाई-३ मध्ये ठोंबरेकाकांची मागची खोली भाड्यानं मिळण्यापेक्षा कलेक्टर होणं सोपं होतं. भाडेकरू दारात आला की काका त्याच्या तोंडाकडे बघतच नसत. "आधी कुठं रायत होते?" एवढंच विचारत, सायकल काढत आणि थेट त्या सोडलेल्या खोलीत जाऊन भिंती न्याहाळत. "खिळा कुठं ठोकला, कसा उपटला, पाहा. माणूस समजते," म्हणत.

उभी नोकरी त्यांनी कारखान्यात रुळांतल्या भेगा शोधण्यात घालवली. माणूस निवृत्त झाला, डोळा झाला नाही. बँकेतल्या एका कारकुनाला त्यांनी अकरा भोकांवरून नापास केलं. "एका फोटोले अकरा खिळे! हा बँकेत काय करत असंल?" एका मास्तरांची चौकशी तर इतकी लांबली की तेवढ्यात त्यांचं लग्न झालं, मुलगी झाली आणि सेक्टर १० मध्ये क्वार्टरही मिळालं. खोटं वाटत असेल तर मास्तरांना विचारा.

अशी ती खोली चार वर्षं रिकामी. काकू गेल्यापासून पुढचं घरही तसंच.

मग सुमन आली. नवरा ठेकेदाराकडे मजूर. तांब्याची तार चोरली म्हणून दुर्गच्या जेलात. हे तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. "पावर हाउस मोहल्ल्यातली खोली खाली करायले लावली, काका. सात घरं फिरली. कोणी देऊन नाही राहिलं."

काकांनी सायकल काढली. मी शेजारीच राहायचो; तमाशा बघायला मीही माझी काढली.

खोलीची जमीन सारवलेली. भिंतीतलं एकेक भोक चुन्यानं बुजवलेलं.

"तुमी हाकललं न तिले?" काकांनी घरमालकाला विचारलं.

"हो. तरी जाता जाता हे करून गेली. येडी!"

संध्याकाळी किल्ली सुमनच्या हातात.

"काका, चोराची बायको हाये!" मी म्हटलं.

"तू कावून वरडून राहिला? खोली तिले देल्ली, त्याले नाही."

आठ महिन्यांनी सुमनचा नवरा गणपत सुटून आला. त्याच दिवशी सगळी गल्ली काकांच्या अंगणात. "घरी पोरीबाळी हायेत आमच्या. तुमी चोर पोसून राहिले!" "काका, निकालो उनको!" मागच्या खोलीत सगळं ऐकू जात होतं.

दुसऱ्या सकाळी गणपत डोक्यावर ट्रंक घेऊन निघाला. मागे बोचकं घेऊन सुमन. "आमच्यापायी तुमाले बोलणं बसते, काका. गावी जातो."

काका फाटकात आडवे. "असे कसे जाता? याची चौकशी बाकी हाये."

"किती दिवस लागंल?" गणपत घाबरला.

"काय सांगू बाप्पा! तुह्या गावापर्यंत सायकल हाणा लागंल. गुडघे दुखते माहे. साल लागंल, दोन लागंल." पावर हाउसपर्यंत मला मागे टाकणारे ते गुडघे नेमके त्याच सकाळी दुखायला लागले होते.

"अन् तवरोक?"

"तवरोक कोणी हललं तर फरार समजीन!"

सुमनला रडू फुटलं. काकांनी गणपतच्या डोक्यावरची ट्रंक उतरवली, फाटकात मधोमध ठेवली आणि तिच्यावरच बसले.

मग गल्लीला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू म्हणाले, "बाई, चहा मांड. तीन कप. एकट्यानं घशाखाली उतरत नाही माह्या."

कुंपणाला कान लावून मी उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.